नगरपालिकेची सभा आणि मुलींची शाळा



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम, बालसंगोपन असे लेख दर वर्षी येतात व ते आपण सर्वजणी आवडीने वाचतो. यंदा एक लेख इतिहासाचा असावा असे कार्यकारिणीत ठरले आणि ते काम मजकडे आले. मी सातवी पास झालेली बाई. वाचनालयातून आणून जी इतिहासाची पुस्तके वाचली त्यांत लढाया आणि तहच फार. म्हणून विषय असा घेतला की जो आपल्या दारापासून दोन गल्ल्यांवर आहे. तो म्हणजे मुन्सिपाल्टीची सभा, आणि त्या सभेत मुलींच्या शाळेबद्दल झालेले वाद.

सभा म्हटली की आपण म्हणतो, तो पुरुषांचा मामला. पाणी चार दिवसांआड आले म्हणजे मात्र नळावर आपलीच सभा भरते, आणि ती कोणत्याही सभागृहाला हार जाणार नाही! पण पाणी किती दिवसांनी यावे, गटार कोणत्या गल्लीत आधी बांधावी, शाळेची खोली कुठे वाढवावी, हे जिथे ठरते तिथले बोलणे आपल्या कानावर येते ते ठरून गेल्यावर. ते ठरते कसे याची चौकशी करू लागले तेव्हा एक शब्द मला जागोजागी भेटला. तो शब्द म्हणजे ‘पैसा नाही’.

पहिली गोष्ट पुण्याची आहे. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ सालापासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारने नेमलेले सभासद होते. मुलींची शाळा काढणारे जोतीराव आपण जाणतो. सभागृहात बसणारे जोतीराव आपणांस फारसे ठाऊक नसतात. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारावे व त्याकरिता एक हजार रुपये खर्च करावेत असा ठराव आला. त्या काळचे हजार रुपये म्हणजे काय, याचा अंदाज आपणच करावा. नेमलेले सभासद बत्तीस होते. त्यांतल्या एकट्या जोतीरावांनी विरोध केला, आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे सांगितले. ठराव अर्थातच मंजूर झाला. कमानी उभ्या राहिल्या असतील, पताका लागल्या असतील, आणि चार दिवसांनी उतरल्याही असतील. मला त्या एका मताचे फार वाटते. बत्तीस माणसांत एकट्याने हात वर करणे सोपे नाही. आपल्या मंडळाच्या सभेत दहाजणींपुढे ‘मला हे पसंत नाही’ असे म्हणताना सुद्धा घसा कोरडा पडतो.

आणि पाहा, तिजोरीत पैसा होता. तो कमानींसाठी होता, शाळेसाठी नव्हता. घरात सुद्धा असेच असते. बारशाला पैसा नाही असे कधी होत नाही.

पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. ते १९१२ साली तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. तिथेही खर्चाचाच बाऊ झाला. परंतु संस्थानांनी आधीच करून दाखविले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात शिक्षण सक्तीचे केले, आणि त्यात मुली वगळल्या नाहीत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती केली व मूल शाळेत न पाठविणाऱ्या आईबापांस महिना एक रुपया दंड ठेवला. हा एक रुपया ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

इंग्रजी मुलखात मुंबई इलाख्यापुरता कायदा झाला तो १९१८ साली, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने. नगरपालिकेस वाटले तर तिने आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा तो कायदा. मात्र त्यात एक फट राहिली होती. सक्ती मुलग्यांना करावी, मुलींना करावी की दोघांनाही करावी, हे ठरविणे नगरपालिकेच्या हाती होते. एवढी फट पुरी झाली.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. पुणे नगरपालिकेत हा प्रश्न निघाला तेव्हा शहरात दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, नगरपालिकेजवळ पैसा थोडा. तेव्हा आधी मुलग्यांना सक्ती करू, मुलींचे मागाहून पाहू. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, सक्ती करावयाची तर मुलगे व मुली दोघांनाही एकदमच करा. पहिल्या पक्षाच्या बाजूस खुद्द लोकमान्य टिळक होते, केसरी होता. दुसऱ्या बाजूस सेवासदनाच्या रमाबाई रानडे होत्या, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे होते, आणि मुख्य म्हणजे पुण्यातल्या बायका होत्या.

आपल्यापैकी बहुतेकजणींनी रमाबाईंचे नाव ऐकले आहे ते न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी म्हणून. सासरी चोरून शिकावे लागले, घरच्या बायकांची बोलणी खावी लागली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. त्याच रमाबाई वयाच्या साठीकडे झुकल्या असता १९२० साली मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी उभ्या राहिल्या. बायकांच्या सभा झाल्या, अर्ज झाले आणि बायकांची मिरवणूकही निघाली. त्या काळी घरंदाज बाई रस्त्याने चालली ती देवळास नाहीतर हळदीकुंकवास. ती रस्त्याने शाळा मागत गेली हे पुण्याने नवलाने पाहिले असेल. कुणी टाळ्या वाजविल्या असतील, कुणी हसलेही असतील. त्या मिरवणुकीत अशा कितीतरी बाया असतील की ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते. शाळा त्यांना स्वतःसाठी नको होती, लेकी-नातींसाठी हवी होती.

त्याच दिवसांत किर्लोस्कर नाटकगृहात या प्रश्नावर सभा झाली. तीत लोकमान्यांसारख्या पुढाऱ्यासही श्रोत्यांनी बोलू दिले नाही, एवढा गोंधळ माजला. लोकमान्यांचा फोटो आमच्या घरात माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहे व तो तिथेच राहील. स्वराज्यासाठी त्यांनी मंडालेचा तुरुंग भोगला. त्यांना बोलू न देणे हे मला पसंत नाही; सभेत ज्याचे त्याला बोलू द्यावे आणि मग खोडून काढावे. पण या एका बाबतीत त्यांचे म्हणणे मला पटत नाही आणि ते तसे लिहिण्यास मी भीत नाही.

त्यांच्या पक्षाची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. पैसा खरोखरच थोडा होता. शाळेच्या जागा, मास्तर, फळे, पाट्या, सगळ्यालाच पैसा लागतो, आणि मुलींना शिकवावयास मास्तरणी तर फारच थोड्या. ज्याला घर चालवावयाचे त्याला हात आखडावाच लागतो, हे आपणांइतके कोणाला कळते? परंतु हात कुणाच्या ताटावर आखडायचा, हा खरा प्रश्न होता. घरात दूध अपुरे असले की पहिला पेला मुलाचा भरतो. मुलीला म्हणतात, तुला उद्या. तो उद्या किती लांब असतो हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. शिवाय मास्तरणी नाहीत म्हणून मुलींना शिकवायचे नाही, तर मग पुढच्या मास्तरणी येणार कुठून? अक्षर न येणाऱ्या बाईलाही हे विचारता आले असते. सभागृहात ते विचारणारी बाईच नव्हती, एवढेच.

शेवटी मुलग्यांपुरतीच सक्ती आधी करावी असेच ठरले. बायकांची मिरवणूक हरली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले आणि सारा देश त्या दुःखात बुडाला. १९२४ साली रमाबाईही गेल्या.

पण मुंबईत दार किलकिले झाले. १९२३ साली मुंबई महापालिकेत सरोजिनी नायडू आणि आपल्या मराठी अवंतिकाबाई गोखले या सभासद झाल्या. अवंतिकाबाईंनी १९१८ साली हिंद महिला समाज काढला होता. म्हणजे आपल्यासारख्याच मंडळातून त्या सभागृहात गेल्या. गांधीजींचे पहिले मराठी चरित्र लिहिणाऱ्याही त्याच. ज्या बाईने मंडळाचा जमाखर्च ठेवला आहे, वर्गणी गोळा केली आहे आणि रुसलेल्या सभासदांची समजूत घातली आहे, तिला पालिकेची सभा जड जाऊ नये असे मला वाटते. पण हे झाले एखाद-दुसऱ्या बाईचे. बाकीच्यांचे काय? त्या काळी मत कर भरणाराला, मालमत्ता असणाराला. घर धन्याच्या नावावर, पट्टीची पावती धन्याच्या नावावर, म्हणून मतही धन्याचे. घर सारवणारीचे नाव कुठेच नाही.

१९२३ सालीच प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा झाला व शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या व मोठ्या नगरपालिकांच्या शाळा मंडळांकडे आला. आपली जुनी माणसे ज्याला ‘स्कूल बोर्ड’ म्हणत ते हेच. मास्तरांच्या नेमणुका, बदल्या, शाळेच्या जागा, सारे तिथून चाले. बदलीच्या मोसमात मास्तर लोक मंडळाच्या सभासदांच्या घरी खेटे घालीत असे ऐकले आहे. असो.

आता सोलापूर. आपल्या नगरपालिकेने जे एक काम केले त्याला हिंदुस्थानात त्या वेळी जोड नव्हती. ६ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे गांधीजींनी दांडीस मीठ उचलले त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लागला. तो अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते लागला. पालिकेचे काम काय? तर दिवाबत्ती, झाडलोट, पाणी, शाळा. झेंड्याचा त्यात कुठे संबंध नाही. आणि सरकारच्या कायद्याने चालणाऱ्या संस्थेने सरकारच्या डोळ्यांदेखत तो लावला! माझ्या मते पुणेकरांच्या ‘पैसा नाही’ला हे खासे उत्तर आहे. मन झाले की सभागृह काय करू शकते ते सोलापूरने दाखविले.

पुढची हकिगत आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो. ५ मे रोजी गांधीजींना पकडले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूस शिंदीची झाडे तोडण्यावरून पोलीस व लोक यांची गाठ पडली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. नंतर तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. लोकांनीच शहर सांभाळले. १२ मेपासून लष्करी कायदा आला, तो जूनअखेर राहिला. त्या दिवसांत गांधी टोपी घालणेही गुन्हा होऊन बसला. आमच्या आजेसासूबाई तेव्हा परकर नेसणाऱ्या पोर होत्या. घरातल्या टोप्या ज्वारीच्या कणगीत लपविल्या होत्या, आणि पुढे त्या काढल्या तेव्हा त्यांना किडे लागले होते, असे त्या सांगत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिले.

ही चार नावे एका घरची नव्हेत, एका जातीची नव्हेत, एका धर्माची नव्हेत. आपल्या गावाचे हे असेच आहे. गिरण्यांच्या आणि मागांच्या निमित्ताने इथे सगळ्या मुलखांची माणसे आली. माझ्या उजव्या हाताच्या शेजारणीच्या घरी तेलुगू बोलतात, समोर कानडी, मागल्या आळीत उर्दू, आणि भाजीवालीशी सगळ्याजणी मराठीत घासाघीस करतो. म्हणून आपल्या पालिकेच्या शाळाही मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या झाल्या. मूल ज्या भाषेत आईला हाक मारते तीत त्याने पहिला धडा शिकावा, हे सोलापूरने कोणी सांगण्याआधीच केले. २०२५ सालच्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा सरकारी निर्णय निघाला, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला आणि २९ जूनला तो मागे घेण्यात आला. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका तेलुगू आजीबाई म्हणाल्या, आमच्या पोराला घरात एक, शाळेत दोन आणि रस्त्यावर दोन भाषा आहेतच, त्यात आणखी कशाला? मला त्यांचे म्हणणे बरोबर वाटले.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, प्राथमिक शिक्षणाचा पुन्हा नवा कायदा झाला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या व खेड्यांतल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. सोलापूर नगरपालिकेची १ मे १९६४ रोजी महापालिका झाली. आज तिचे ठाणे वारदांच्या इंद्रभुवनात आहे. इतकी देखणी कचेरी फार थोड्या गावांना असेल. शहरातल्या प्राथमिक शाळा शिक्षण मंडळाकडेच राहिल्या.

मी शिकले ती अशाच एका शाळेत. शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला हायस्कूल दोन मैलांवर, मध्ये गिरणीचा रस्ता. भावाला सायकल मिळाली, मला मशीनकाम शिकवावयास घातले. यात वडिलांचा दोष नाही; त्या गल्लीत सगळ्याच मुली सातवीला थांबल्या, कारण शाळा सातवीला थांबली होती. शाळा जिथवर जाते तिथवर मुलगी जाते, मुलगा त्याच्या पुढेही जातो. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी, १९९२ सालापासून, गरीब घरच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. शाहू महाराजांनी एक रुपया दंड ठेवला होता आणि सरकारने एक रुपया बक्षीस ठेवले. मधल्या पाऊणशे वर्षांत रुपया केवढा लहान झाला होता हे सोडून द्या. आमच्या आईने तो रुपया कधी खर्च केला नाही. डब्यात टाकून ठेवला आणि त्यातून बहिणीला दप्तर घेतले.

सभागृहात बायका खऱ्या अर्थाने आल्या त्या राखीव जागांमुळे. महाराष्ट्रात १९९० साली तीस टक्के जागा झाल्या, घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिसरा हिस्सा पक्का झाला आणि २०११ साली निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. पुष्कळजण म्हणतात, बाई नुसती सहीपुरती, कारभार नवऱ्याचा. काही ठिकाणी तसे आहे, मी नाही म्हणत नाही. परंतु सहीसाठी का होईना बाई त्या खुर्चीत बसू लागली, आणि खुर्चीत बसल्यावर माणूस ऐकू लागते, मग विचारू लागते. सोलापुरात तर २०१२ पासून मार्च २०२२ पर्यंत लागोपाठ चार स्त्रिया महापौर झाल्या: अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी आणि श्रीकांचना यन्नम. ही चार नावे आपल्या मुलींना पाठ हवीत. पक्ष कोणता ते ज्याचे त्याने पाहावे. २०२२ च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली व त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची काही वर्षे सभा नाही, सभासद नाही, गाऱ्हाणे सांगावयाचे ते साहेबाच्या दाराशी. सभेत भांडण होते, वेळ जातो, हे खरे. पण भांडावयाची जागाच नसली म्हणजे काय होते हेही आपण तेव्हा पाहिले.

शिक्षण मंडळेही २०१३ साली कायद्याने रद्द ठरविण्यात आली. कारभार महापालिकेच्या अंगावर आला. मंडळात सगळे चांगलेच होते असे नाही. तरी शाळेपुरते बोलण्याची ती एक जागा होती.

तिच्या बदली आपल्या हाती जे आले आहे त्याकडे मात्र आपले लक्ष नाही. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे प्रत्येक सरकारी व पालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात पाऊण हिस्सा पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांतला. नेमलेले बत्तीस सभासद आणि त्यांत एकही बाई नाही, तिथून इथवर आपण आलो. आणि या समितीच्या सभेस किती आया जातात? रजिस्टर घरी येते, आपण कणीक भिजवता भिजवता डाव्या हाताने सही करून देतो.

२०२३ साली राज्य सरकारकडून असे पत्र निघाले की, वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार व्हावा. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेत दाखविले होते. कारणे चांगली सांगितली होती: मोठी शाळा, अधिक शिक्षक, खेळावयास सोबती. ही कारणे खोटी नव्हेत. चार मुलांच्या वर्गात मूलही कंटाळते आणि मास्तरही. पण मी आठवीचा रस्ता पाहिलेली आहे, म्हणून मला भीती वाटते. शाळा लांब गेली की मुलगा बसने जाईल; मुलीचे काय करतील ते मला ठाऊक आहे. शहरातल्या शाळांचा पटही खाली येत चालला आहे, कारण ज्याला त्याला इंग्रजी माध्यम हवे आणि दाराशी पिवळी बस हवी. उद्या आपल्या पेठेतल्या शाळेचा प्रश्न निघाला आणि कुणी म्हणाले, एवढ्या मुलांसाठी पैसा नाही, तर त्या वेळी समोर कोण बसलेले असेल?

आपल्या मंडळाच्या बारा सभासदांची मुले-नातवंडे पालिकेच्या शाळांत आहेत, हे मी यादी पाहून लिहिते. त्यांपैकी चौघीजणी समितीवर आहेत. आमच्या पेठेतल्या शाळेची मागची सभा दुपारी तीन वाजता होती. मी त्या दिवशी नातेवाईक मुलीबरोबर पालक म्हणून गेले. विषय तीन होते: मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, सहावीचा वर्ग गळतो, आणि पोषण आहाराची खिचडी. खिचडीवर अर्धा तास गेला, कारण त्यात सगळ्यांनाच मत होते. पाण्याच्या विषयावर हेडमास्तर म्हणाले, टाकीसाठी पैसा मंजूर नाही. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक विडी कामगार बाई उभी राहिली. ती म्हणाली, मागल्या महिन्यात फाटक रंगविले ते कुठल्या पैशाने? हेडमास्तर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, लिहून देतो वर. तसे लिहून घेतले, वाचून दाखविले आणि सर्वांच्या सह्या झाल्या. त्या बाईने अंगठा दिला. पुढची सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे, वेळ तीच, दुपारी तीन.